एकशे साठ भोकं

धाकट्या सुनेला बोलायची रीत नाही, हे मी तिच्या लग्नानंतर आठच दिवसांत ओळखलं होतं. पण तिला गप्प बसायचीही रीत नाही, हे त्या आठवड्यात कळलं. बुधवारी संध्याकाळी तिने तपासणीचा शिक्का टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये ठेवली आणि वर घरी येऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली. जसं काही झालंच नाही. खाली कारखान्यात चाळीस पाइप रंगून, वाळून, ओळीने मांडलेले. सोमवारी सकाळी ट्रक येणार. ज्या रसायन कारखान्यात ते जायचे होते, त्यांनी आमच्या पाइपांसाठी आपली ॲसिडची लाइन आठवडाभर बंद ठेवलेली. पांढऱ्या अस्तराचं आमचं हे पहिलंच मोठं काम. आणि ही बाई शिक्का मारत नाही. का मारत नाही, तर मिठाची गुळणी धरलेली.

"पाइपात खोट आहे का?" मी विचारलं.

"नाही, आई."

"ठिणगीची तपासणी झाली?"

"रंगाआधीच झाली. सगळे पास."

"मग हाताला काय झालंय तुझ्या?"

तिने उशीच्या अभ्र्याची घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली.

गुरुवारपासून मी तिला नावाने हाक मारणं सोडलं. शिक्केवाली म्हणू लागले. शुक्रवारी तिने केलेला चहा तिच्या देखत मोरीत ओतला. शनिवारी वेल्डरची बायको भेटायला आली, तिच्यासमोर म्हटलं, "आमच्याकडे एक मोठ्या अधिकारी राहायला आल्यात. अर्ज केल्याशिवाय तोंड उघडत नाहीत." ती सगळं ऐकून घ्यायची. मला तेच जास्त झोंबायचं. उलट बोलली असती तर निदान धड भांडता तरी आलं असतं.

थोरल्याचं आणखी नवल. एरवी एक नट कमी पडला तरी कारखाना डोक्यावर घेणारा माणूस, पण त्या चार दिवसांत तिला एका शब्दाने बोलला नाही. मी विषय काढला की "आई, मी बघतो" म्हणायचा आणि चप्पल शोधत बाहेर पडायचा. चप्पल पायातच असायची.

मग मात्र मी रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सकाळीच सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं. आमचं ते टेबल म्हणजे ह्यांचा जुना ड्रॉइंगचा फळा. त्यावर अजून पेन्सिलीच्या रेघा आहेत. घरातले सगळे निकाल त्यावरच लागले. थोरल्याचं लग्न, धाकट्याचं कॉलेज सोडणं, हे गेल्यावर कारखाना विकायचा की चालवायचा, सगळं. मी चौथीच्या पुढे शाळा पाहिली नाही. पण त्या टेबलावर शेवटचा शब्द माझा.

थोरला खिडकीकडे तोंड करून बसला. शेजारी त्याची बायको, जिला मी मोठी म्हणते. मोठीला भांडण लांबून आवडतं. जवळ आलं की ती कप विसळायला उठते. धाकटा उशिरा आला, केस ओले, आणि बसता बसता म्हणाला, "कोर्ट भरलं का? आरोपीला पाणी तरी द्या." कोणी हसलं नाही. त्याच्या बायकोने तर त्याच्याकडे पाहिलंही नाही.

त्या दोघांत त्याआधी गच्चीवर काय झालं होतं, ते मला पुढे धाकट्यानेच सांगितलं. तो तिला म्हणाला होता, "मारून टाक ना शिक्का. आई बोलते तुला, ते मला बघवत नाही."

"बघवत नाही ना? मग जा आणि त्यांना खरं काय ते सांग."

"आईला? मी? वेडी आहेस का?"

तिने हातातला ओला टॉवेल त्याच्या तोंडावर फेकला आणि जिना उतरून आली. हा माझा लेक कोणाला भीत नाही, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आले.

"हं, बोल," मी म्हटलं. "शिक्का का नाही?"

ती माझ्याकडे न बघता थोरल्याला म्हणाली, "दादा, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"सांगायचंय काय त्यात?" थोरला खिडकीशीच बोलला. "किरकोळ आहे. कागदपत्रांचं आहे."

"कागदपत्रांचं नाहीये."

"मी म्हणतोय ना!"

"तुम्ही गळ घातलीत म्हणून मी गप्प बसले, दादा. शिक्का मारीन असं मी कबूल केलं नव्हतं."

मोठी उठली. "मी जरा कप विसळते."

"बस खाली," मी म्हटलं. "कप कुठे पळून जात नाहीत."

ती बसली. आणि बसली ती भडाभडा बोलायलाच लागली. "अहो, सांगून टाका ना एकदाचं! चार दिवस घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाहीये. ती बिचारी शिव्या खातेय, आणि तुम्ही आपले खिडकीतून कावळे मोजताय!"

"तू मध्ये पडू नकोस."

"पडू नको म्हणजे? मी मधेच राहते! या खोलीत आईंचं ऐकायचं, त्या खोलीत तुमचं!"

मी बघतच राहिले. धाकटी घरात आल्यापासून मोठीने जावेच्या बाजूने एक शब्द काढला नव्हता. तिच्या डिग्रीवरून किती टोमणे मारले असतील, ते मलाच ठाऊक. त्यातले निम्मे मीच पुरवले होते. आज ही तिला बिचारी म्हणाली.

धाकटीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पाइपात खोट नाही, आई. रंगात आहे."

"रंगात?" मी हसले. "रंग माझा आहे."

आणि ते खरंच होतं. कापणं, जोडणं, अस्तर घालणं पोरं बघतात. पण शेवटचा रंग माझ्या देखत होतो. यांच्या वेळेपासून. तेव्हा आम्ही लोखंडी पाइपाला आतून रबराचं अस्तर लावायचो. रबर लोखंडाला असं चिकटतं की मध्ये हवेलाही जागा राहत नाही. त्या पाइपाला भोक म्हणजे मरण. ॲसिड तिथून शिरतं आणि लोखंड खाऊन टाकतं. हे मला हातात दिवा देऊन पाइपात डोकावायला लावायचे. तीस वर्षं मी भोकं शोधली. डोळे मिटून बोटाच्या पेराने मी सुईच्या टोकाएवढं भोक ओळखते.

मग माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सहा महिने मी कारखान्याची पायरी उतरले नाही, आणि तेवढ्यात पोरांनी पांढरं अस्तर आणलं. फ्लोरोपॉलिमर म्हणतात त्याला. मेणासारखं गुळगुळीत, आणि कुठल्याही ॲसिडला दाद देत नाही. मी खाली गेले ती थेट रंगाच्या शेडमध्ये. पाहते तर प्रत्येक पाइपाच्या लोखंडाला दोन्ही टोकांशी दोन-दोन भोकं. आगकाडीच्या गुलाएवढी. मला वाटलं, ड्रिलवाल्याने माती खाल्ली आणि पोरांच्या लक्षात आलं नाही. आमचा रंगारी म्हातारा माणूस, तो म्हणालाही, "बाई, मुद्दाम ठेवलेली तर नसतील? साहेबांना विचारू का?" मी म्हटलं, "मी इथे उभी असताना साहेब कोण रे?" चाळीस पाइपांची एकशे साठ, आणि एक जादाचा पाइप होता त्याची चार, सगळी भोकं मी पुट्टीने बुजवून घेतली. वर घासकाम, वर दोन हात रंग. हात फिरवला तरी कळणार नाही असं काम. पोरांची लाज झाकली या समाधानात मी कोणाला बोललेही नाही. मी विचारलं नाही, कारण विचारायची मला सवय नाही.

"फुगे आलेत का रंगाला?" मी म्हटलं. "ओघळ आलेत?"

"आई," धाकटा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात मस्करी नव्हती. "तू बुजवलीस ना, ती भोकं हवेची होती. आम्हीच पाडली होती."

खालच्या रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली आणि तो हॉर्न संपेपर्यंत सगळे तोच ऐकत बसलो.

"झालं समाधान?" थोरल्याने खुर्ची मागे ढकलली. "हेच आईला कळू द्यायचं नाही म्हणत होतो मी!"

"हवेला भोकं कशाला लागतात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

धाकटी टेबलावर दोन्ही हात ठेवून बोलायला लागली. कारखान्यात ती नव्या कामगारांना समजावते तशी. "हे अस्तर लोखंडाला चिकटत नाही, आई. बाहीत हात असतो तसं नुसतं आत बसतं. ॲसिड त्याला खात नाही, पण ॲसिडची वाफ त्याच्यातून झिरपते. अगदी सावकाश, वर्षानुवर्षं. तिला बाहेर पडायला ती भोकं. शिवाय अस्तर कधी फाटलंच तर पहिला थेंब त्या भोकातून पडतो, माणसाला दिसतो, तो लाइन बंद करतो. भोकं बुजली की वाफ मधेच कोंडते, आणि थेंब कोणाला दिसतच नाही."

"कोंडली तर काय होतं?"

"चला, दाखवते."

"खाली कोणी जाणार नाही," म्हणून थोरला उठला आणि दारात जाऊन उभा राहिला. साडेपाच फुटी लेक, त्याच्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून मी त्याला ओळखते, आणि तो माझा रस्ता अडवून उभा.

"बाजूला हो."

"आई, गुडघा दुखेल तुझा."

"माझा गुडघा माझा मी बघते. हो बाजूला."

तो झाला. पण जिन्यात माझ्या पुढे उतरला, एकेक पायरी, मी घसरले तर अंगावर घ्यायला.

सुट्टीचा कारखाना मला कधीच आवडला नाही. थिनरचा वास आणि आवाज कसला नाही. धाकटीने कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली एक पाइप. तो जादाचा, एकेचाळिसावा. रंगाऱ्याला राहवलं नव्हतं. बुधवारी दुपारी त्याने धाकटीला भोकांचं सांगितलं होतं. तिने त्याच वेळी हा पाइप घेतला, त्यातून वाफ सोडली, मग गार पाणी, पुन्हा वाफ, पुन्हा पाणी. नव्या अस्तराची परीक्षा अशीच घेतात म्हणे. तिने मला टॉर्च दिला. मी वाकून पाहिलं.

गुळगुळीत गोल नळी दिसायला हवी होती. तिथे एका बाजूचं अस्तर लोखंडापासून सुटून, पोट फुगवून आत आलं होतं. पलीकडचा उजेड अर्धाच दिसत होता.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

धाकटीने हातातल्या ताडपत्रीची घडी घातली. "आम्हाला चौघांना. रंगारीकाकांना. ड्रिलवर असतात त्यांना. बॉयलरवाल्यांना."

म्हणजे सगळ्यांना. तीन दिवस मी रोज सकाळी या शेडमधून फेरी मारत होते, याला रागव, त्याला झाप, आणि माणसं मान खाली घालून हो म्हणत होती. मला वाटायचं, धाक आहे. ती कीव होती. अंगावर पाल पडावी तसं झालं मला.

"आई, हे वाफेने मुद्दाम केलेलं आहे," थोरला घाईघाईने म्हणाला. "तिथे एवढं होणार नाही. पाच-सात वर्षं तर काहीच नाही."

"आणि आठव्या वर्षी?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा पाइपाखाली कोण उभं असेल? तू?"

तो एकदम भडकला. "मी कोणासाठी केलं हे? बाबा गेल्यापासून तुला एकदा चुकलेलं मी पाहिलं नाही. एकदाही! आता सगळ्या माणसांसमोर चुकलीस हे कळलं असतं, तर तू पुन्हा ही पायरी उतरली असतीस? खरं सांग. घरात बसून भिंतीकडे बघत राहिली असतीस. ते बघायचं नव्हतं मला!"

मोठी हलकेच म्हणाली, "चार दिवस यांचं हेच चाललंय. मी म्हटलं, आई तेवढ्या लेच्यापेच्या नाहीत. तर माझ्यावरच ओरडले."

तो म्हणाला त्यात खोटं काही नव्हतं. नसतेच उतरले मी. पण ते त्याला सांगायची ती वेळ नव्हती.

"माझं नाक वाचवायला दुसऱ्याचं तोंड जाळायला निघालास होय रे?" मी म्हटलं. "तुझ्या बापाने ऐकलं असतं तर आधी मला घराबाहेर काढलं असतं, मग तुला."

त्याने तोंड फिरवलं. आता इथेही खिडकी शोधेल म्हटलं, तर शेडला त्या बाजूला खिडकीच नव्हती.

"उघडता येतील का भोकं?" मी धाकटीला विचारलं.

"ड्रिल नाही चालणार, आत अस्तर आहे. धातूचं काहीच लावायचं नाही. थिनरने पुट्टी मऊ करायची आणि नायलॉनच्या सुईने कोरायची. मग प्रत्येक पाइपाची पुन्हा ठिणगीची तपासणी."

"एका भोकाला दहा मिनिटं धरली तर..." धाकटा हिशेब करायला लागला.

"धरू नकोस. सुई धर."

रंगाऱ्याला फोन केला. तो सुट्टीच्या इस्त्रीच्या शर्टात आला, मला बघून दारातच थबकला. "बाई, मी त्या दिवशी विचारलं होतं तुम्हाला..."

"विचारलं होतंस. माझ्या लक्षात आहे. आता शर्ट काढून बस."

अकराला आम्ही बसलो. सहा माणसं, चाळीस पाइप. कोणाला पाट, कोणाला रंगाचा उपडा डबा. मोठी रबरी हातमोजे घालून थिनर टाकत फिरत होती आणि दर फेरीला धाकटीपाशी थांबत होती. त्या दोघींची कुजबुज चालू होती, मधेच एकदा हसल्याही. माझ्यावरच हसल्या असतील. थोरला आधी ऑफिसच्या दाराशी नुसता येरझाऱ्या घालत राहिला; मग बाह्या सारून सगळ्यात लांबच्या पाइपाशी जाऊन बसला. तो रागावला की लांब बसतो आणि दुप्पट काम करतो. बापावर गेलाय.

मला काही सुधरत नव्हतं. बसलं की उठावंसं वाटे, उठलं की गुडघा बोलायचा. नायलॉनची सुई बोटात वाकायची. रंगाचा वरचा पापुद्रा दगडासारखा झालेला. मीच करून घेतलेलं काम ते, चांगलंच झालं होतं. बाकीचे तिसऱ्या पाइपावर आणि मी अजून पहिल्याच भोकाशी खरडतेय. शेजारी ताडपत्री शिवायचं दाभण पडलं होतं. मी म्हटलं, नुसता वरचा रंग फोडायला घेते, आत घालतच नाही. भराभर चार भोकं मोकळी झाली. मग आणखी चार. माझी बरोबरी झाली तेव्हा कुठे जिवाला जरा बरं वाटलं.

दुपारी चारच्या सुमाराला धाकटीने तपासणीचं यंत्र आणलं. पाइपाच्या लोखंडाला एक चिमटा लावायचा, लांब दांडीला पितळी ब्रश, तो अस्तराच्या आतून फिरवायचा. अस्तर अखंड असेल तर यंत्र नुसतं गुणगुणतं. कुठे टाचणीएवढं भोक असलं की वीज तिथून लोखंडाकडे उडी मारते. एक पाइप, दुसरा, पाचवा, नववा. गुणगुण. मग माझा आला.

चट्.

निळी ठिणगी. तिने दांडी मागे घेतली, पुन्हा तिथेच नेली. चट्.

सगळ्यांचे हात थांबले.

"ओल असेल," थोरला लांबून म्हणाला. "थिनर राहिलं असेल आत."

"हो, हो, पुसून बघ," धाकटा म्हणाला. सकाळपासून या दोघा भावांचं एकमत झालं ते या एकाच गोष्टीवर.

मोठीने काठीला फडकं बांधून पाइप आतून कोरडा केला. धाकटीने पुन्हा दांडी घातली. चट्.

तिची नजर माझ्या मांडीवर गेली. दाभण तिथेच होतं. पुढे एकदा तिने मला सांगितलं, 'यंत्र बिघडलंय' एवढे दोन शब्द बोललं की दिवस पार पडेल, असं तिला त्या क्षणी वाटून गेलं होतं. थोरला तिच्याकडे बघत, मान हलवून तेच सांगत होता. नवरा खाली बघत होता.

ती ताठ उभी राहिली. "हा पाइप बाद," ती म्हणाली, आणि पत्र्याच्या शेडमध्ये तिचा आवाज केवढा तरी मोठा झाला. "आईंनी दाभण लावलंय. अस्तराला भोक पडलंय. आणखी कोणी धातूचं काही वापरलं असेल तर आत्ता सांगा."

"अगं, जरा हळू," थोरला म्हणाला.

"बाद आहे, दादा. आईंचे बाकीचे पाइप मी दोनदा तपासेन. उद्या एकोणचाळीस गेले तर एकोणचाळीस जातील, एक मागाहून. तुम्ही तिकडे फोन करून सांगा."

रंगारी उगाच आपल्या सुईकडे बघत बसला. मी डब्यावरून उठले. मोठी हात द्यायला धावली, तो मी घेतला नाही. सहा-सात पावलं असतील. पण गुडघ्याने ती साठ केली. धाकटी दांडी काठीसारखी छातीशी धरून उभी होती, कान लाल, पण मागे सरकली नाही.

मी तिच्यापुढे उभी राहिले आणि तिच्या नावाने तिला हाक मारली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "भोकं बुजवली ही माझी एका दुपारची चूक. तू चार दिवस गप्प बसलीस, म्हणजे तुझी माझ्या चौपट. आत्ता बोललीस ना, हेच, एवढ्याच मोठ्याने, एवढ्याच माणसांसमोर, बुधवारी माझ्या तोंडावर बोलायचं होतंस."